को-पायलट म्हणून लागलात? पगाराचं आणि झोपेचं गणित आधी मांडा

नागपूरला माझी मावशी राहते, सोमलवाड्यात. विमानतळापासून रिक्षाने दहा मिनिटं. नोकरीच्या पहिल्या वर्षात मी वीसेक वेळा तरी नागपूरला गेलो असेन, पण मावशीकडे एकदाही गेलो नाही. हे तिला अजून पटलेलं नाही. "विमान घेऊन दारात येतोस आणि चहालाही थांबत नाहीस?" आता तिला कसं सांगायचं, की तिथे विमान पस्तीस मिनिटं थांबतं. तेवढ्यात मला खाली उतरून विमानाभोवती फेरी मारायची असते, इंधनाचा आकडा जुळवायचा असतो, परतीचा मार्ग कॉम्प्युटरमध्ये भरायचा असतो. आणि त्यातून वेळ उरलाच तर गार उपमा खायचा असतो.

मी साताऱ्याचा. चार वर्षांपूर्वी ए३२० या एअरबसच्या जेट विमानावर को-पायलट म्हणून लागलो. लागायच्या आधी मला कुणीही सांगितलं नव्हतं, की पायलटचा पगार मोजायचं घड्याळ वेगळं आणि त्याचा दिवस खाणारं घड्याळ वेगळं. पहिलं घड्याळ विमान जागचं हललं की सुरू होतं. दुसरं तुम्ही पहाटे घराला कुलूप लावता तेव्हाच सुरू झालेलं असतं. या दोन घड्याळांत किती फरक पडतो ते समजलं की ऑफर लेटरपासून भाड्याच्या खोलीपर्यंतचे निर्णय सोपे होतात. सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात आहे आणि कंपनीचं बोलावणं आलंय किंवा येईल असं वाटतंय, अशांसाठी हा लेख आहे. फ्लाइंग स्कूल कसं निवडायचं, परीक्षा कशा द्यायच्या, हे विषय इथे घेतलेले नाहीत.

## १. ऑफर लेटर आकड्याखालच्या ओळींसाठी वाचा

घरचे आकडा बघतात. तुम्ही पुढच्या गोष्टी शोधा. पत्रात सापडल्या नाहीत तर एचआरला ईमेलवर विचारा. फोनवर विचाराल तर उत्तर मिळेल, पण त्याचा पुरावा राहणार नाही.

पहिली गोष्ट, हा पगार कधीपासून. पत्रात मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा तुम्ही 'रिलीज' झाल्यानंतरचा, म्हणजे ट्रेनिंग संपून ट्रेनरशिवाय उडू लागल्यानंतरचा असतो. तोपर्यंत स्टायपेंड असतो, आणि काही ठिकाणी टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान उडवायचं ट्रेनिंग) चालू असताना तोही नसतो.

दुसरी, किती तासांची हमी आहे. उडालात किंवा नाही उडालात तरी अमुक तासांचा भत्ता मिळेलच, अशी ती अट असते. कुठे ४०, कुठे ७०. एअर इंडियाने एप्रिल २०२३ मध्ये नवी वेतनरचना आणली तेव्हा हमीचे तास २० वरून ४० केले होते. त्याच रचनेत शिकाऊ पायलटला महिना ५० हजार आणि सर्वांत वरिष्ठ कमांडरला, म्हणजे कॅप्टनला, साडेआठ लाख होते. बातम्यांत साडेआठ लाखच झळकले. तुम्ही पहिल्या टोकाला आहात हे विसरू नका.

तिसरी, बाँड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. किती वर्षांचा, रक्कम दरवर्षी उतरत जाते का, आणि तो नेमका कोणत्या दिवसापासून मोजतात? रुजू झाल्यापासून मोजतात की रिलीजपासून, एवढ्या एका शब्दावर वर्षभराचा फरक पडू शकतो. माझ्या एका बॅचमेटने सिक्युरिटी चेक कोरे सही करून दिले होते. तसं करू नका. रक्कम लिहा, प्रत्येक चेकचा फोटो काढून ठेवा.

चौथी, नोटीस. डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, नियमानुसार को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष आधी राजीनामा द्यावा लागतो. आयटीतल्या मित्रासारखं दोन महिन्यांत उडी मारणं आपल्याकडे होत नाही. त्यामुळे पहिली कंपनी निवडताना थोडा वेळ घ्या.

इथला सापळा: "अमुक लाख भरा, टाइप रेटिंगसकट नोकरी पक्की" असं सांगणारे मध्यस्थ. टाइप रेटिंगला लाखांत दोन आकडी खर्च येतो आणि नोकरी लागली नाही तर ते रेटिंग घरी पडून शिळं होतं. कंपनीचं पत्र हातात नसताना रेटिंगला पैसे घालू नका, एवढंच माझं मत. उलट करूनही नशीब उघडलेले लोक आहेत, पण ते पुढे येऊन बोलतात. बाकीचे बोलत नाहीत.

## २. कागदांची फाइल आताच लावा

रुजू होण्याच्या दिवशी साधारण हे लागतं:

- सीपीएल, त्यावरचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मल्टी-इंजिनची नोंद
- क्लास वन मेडिकलचं चालू असेसमेंट
- आरटीआर आणि एफआरटीओएल (विमानातला रेडिओ वापरायचे परवाने)
- इंग्रजी प्रावीण्याचा दाखला (लेव्हल ४ असेल तर तीन वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो, लेव्हल ६ कायमचा)
- दहावी-बारावीची मार्कशीट, आणि बारावीच्या भौतिकशास्त्र-गणिताची बोर्डाकडून झालेली पडताळणी
- पासपोर्ट, आधार, पॅन, रद्द केलेला चेक
- लॉगबुक, मूळ प्रत. शिवाय प्रत्येक पानाचं स्कॅन
- विमानतळ प्रवेशपत्रासाठी पोलीस पडताळणी
- डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर आणि ईजीसीए पोर्टलचा चालू लॉगइन

फेब्रुवारी २०२५ पासून लायसन्स मोबाइलवरही मिळतं, ईपीएल म्हणतात त्याला. सोय चांगली आहे, पण फोनची बॅटरी आणि विमानतळाचं नेटवर्क यांच्यावर विसंबू नका.

आता खास आपल्याकडची अडचण. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी असतं: पाटील रोहन संजय. पासपोर्टवर रोहन संजय पाटील. आधारवर कधी संजय गायब, कधी रोहनचं स्पेलिंग वेगळं. पोर्टलला, बँकेला आणि पोलीस पडताळणीला ही तीन वेगळी माणसं वाटतात. माझं प्रवेशपत्र एका 'एच' अक्षरापायी पाच आठवडे अडकलं. त्या काळात बाकीची बॅच विमानात बसत होती आणि मी कॅन्टीनमध्ये. राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र, जे लागेल ते रुजू होण्याआधीच उरकून घ्या.

इथला सापळा: नोकरीची वाट बघताना लायसन्स शिळं होऊ देणं. नव्वद दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग, इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण आणि दरवर्षीचं मेडिकल यांच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्याकडे त्या कालनिर्णयवर आईच्या अक्षरात होत्या, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी.

## ३. रिलीज होईपर्यंतचे महिने: हातात युनिफॉर्म, खिशात स्टायपेंड

क्रम साधारण असा असतो: ग्राउंड स्कूल, सिम्युलेटरवर टाइप रेटिंग, मग प्रत्यक्ष विमानावर थोडी टेकऑफ-लँडिंग, मग प्रवाशांच्या उड्डाणांवर ट्रेनर कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंग, आणि शेवटी रिलीज चेक. सुरुवातीला मागच्या जंपसीटवर बसून नुसतं बघायचं असतं, नंतर सेफ्टी पायलट मागे बसतो आणि तुम्ही उजव्या सीटवर.

कागदावर हे पाच-सहा महिन्यांचं काम दिसतं. प्रत्यक्षात सिम्युलेटरचा स्लॉट मिळत नाही, ट्रेनर कमी असतात, एखादं विमान इंजिनाविना उभं राहतं. वर्षभर लागू शकतं. पावसाळ्यात लाइन ट्रेनिंग आलं तर आणखी रेंगाळतं. मुंबईत जुलैमध्ये आडवा पाऊस आणि ओली धावपट्टी असताना कोणताही शहाणा कॅप्टन नवख्याच्या हातात लँडिंग देत नाही, आणि त्या काळातल्या डीजीसीएच्या अटीही कडक असतात.

म्हणून पैशाचं नियोजन असं करा: रुजू होताना किमान दहा महिन्यांचा राहण्या-खाण्याचा खर्च आणि कर्जाचे हप्ते बाजूला हवेत, किंवा बँकेकडून हप्ते सुरू होण्याची मुदत तेवढी पुढे ढकललेली हवी. ट्रेनिंग गुरुग्राम, हैदराबाद, बेंगळुरू असं कुठेही होऊ शकतं, आणि मधे गाव बदलूही शकतं. पीजी घ्या, भाडेकरार करू नका. मी उत्साहाने अंधेरीत अकरा महिन्यांचा करार केला आणि सहाव्या आठवड्यात बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते ते शहर, हैदराबाद मिळाला. डिपॉझिटमधले दोन महिन्यांचे पैसे गेले ते गेले.

## ४. पगाराची स्लिप उलगडून बघा

स्लिपवर दोन भाग असतात. एक ठरलेला: मूळ पगार, घरभाडे भत्ता, इतर भत्ते. दुसरा उडण्यावरचा: तासाचा दर गुणिले ब्लॉक तास. शिवाय लेओव्हरचा (बाहेरगावच्या मुक्कामाचा) भत्ता, रात्रीचा भत्ता वगैरे किरकोळ.

ब्लॉक तास म्हणजे विमानाच्या चाकाखालचे अडसर निघाल्यापासून ते पुन्हा लागेपर्यंतचा वेळ. आता एक दिवस बघू. मुंबई बेस, राहायला ठाण्यात.

पहाटे ४:५० ला घर सोडलं. ६:१५ ला रिपोर्टिंग. मुंबई–गोवा–मुंबई–नागपूर–मुंबई असे चार सेक्टर, म्हणजे चार उड्डाणं. १:१५, १:१५, १:३५ आणि १:४० तास. दुपारी तीनला शेवटचं विमान लागलं, कागदपत्रं उरकून ३:१५ ला ड्युटी संपली. पूर्वद्रुतगती महामार्गाच्या कृपेने पाच वाजता घरी.

घराबाहेर १२ तास १० मिनिटं. ड्युटी ९ तास. पगाराचे तास? ५ तास ४५ मिनिटं.

त्याच दिवशी माझा रूममेट दुबईला जाऊन आला. दोनच सेक्टर, ड्युटी जवळपास तेवढीच, ब्लॉक सव्वासहा तास. त्याने दोन लँडिंग केली, मी चार, आणि पैसे त्याला जास्त. यात अन्याय वगैरे शोधू नका, हिशेबाची पद्धतच तशी आहे. शिकायच्या दृष्टीने पहिल्या वर्षी छोटे सेक्टर उत्तम, कारण लँडिंग जास्त मिळतात. पैशाच्या दृष्टीने लांबचे चांगले. एटीआरवर (पंख्यांच्या छोट्या विमानावर) लागलेल्यांना तासाचा दरही सहसा कमी असतो, पण जळगाव, कोल्हापूर, नांदेड अशा धावपट्ट्यांवर हात चांगला बसतो.

आता महिन्याचा हिशेब. आकडे समजण्यापुरते घेतलेत. समजा ठरलेला भाग ९० हजार, तासाचा दर १,८०० आणि हमी ५० तासांची. हमीचा महिना: ९०,००० + ९०,००० = १ लाख ८० हजार. सुट्ट्यांच्या हंगामात ७२ तास उडालात तर २ लाख १९ हजार ६००. कर, पीएफ आणि व्यवसाय कर जाऊन हमीच्या महिन्यात हातात दीड लाखाच्या थोडं वर येतात.

हप्ते, भाडं, घरी पाठवायचे पैसे, हे सगळं हमीच्या महिन्यावर बसवा. मे आणि डिसेंबरच्या स्लिपा बघून गाडी बुक करणारे बरेच असतात. मग ऑगस्ट-सप्टेंबरात प्रवासी कमी होतात, रोस्टर विरळ होतं आणि मेसेज येतो, "भाऊ, तीस हजार आहेत का?"

इथले सापळे: भत्ता प्रत्यक्ष ब्लॉकवर देतात की वेळापत्रकात छापलेल्या ब्लॉकवर, हे विचारा. दिल्लीवर धुक्यात पाऊण तास घिरट्या घातल्यात तर त्याचे पैसे कुणाचे, ते यावरून ठरतं. प्रवासी म्हणून बसून दुसऱ्या शहरात ड्युटीला जाणं, म्हणजे डेडहेड, त्याचे काही ठिकाणी अर्धे तास धरतात, काही ठिकाणी शून्य. आणि आजारी पडून रोस्टरवरून उतरलात तर हमी कापली जाते का, तेही.

## ५. कर्ज आणि कर

६० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता साधारण ८१ हजार. वरच्या उदाहरणातला हमीचा महिना घेतलात तर हातात ७४-७५ हजार उरतात. त्यात मुंबईतलं भाडं. तेव्हा "पायलट आहे, दोन लाख पगार आहे" असं आत्या लग्नाच्या बैठकीत सांगत असेल तर तिला आवरा.

कराचा एक मुद्दा बहुतेक जण चुकवतात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर, म्हणजे लोक ज्याला ८०ई म्हणतात, त्यावर मिळणाऱ्या वजावटीला कमाल मर्यादा नाही, आणि परतफेड सुरू झाल्यापासून आठ वर्षं ती मिळते. वरच्या कर्जावर पहिल्या वर्षाचं व्याजच सहा लाखांच्या आसपास जातं. पण ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत आहे. तुम्ही काही कळवलं नाही तर कंपनी नव्या पद्धतीने कर कापते. भाडं भरत असाल तर जुनी पद्धत स्वस्त पडू शकते. दोन्हीचा हिशेब मांडून बघा आणि एप्रिलमध्येच कळवा.

ही वजावट मान्यताप्राप्त बँक किंवा वित्तसंस्थेकडून शिक्षणासाठी म्हणून काढलेल्या कर्जालाच लागू आहे. वडिलांनी शेत किंवा घर तारण ठेवून साधं कर्ज काढलं असेल, काकांकडून हातउसने घेतले असतील, तर नाही. आणि कर्ज वडिलांच्या नावावर असेल, तर हप्ता तुम्ही भरत असलात तरी वजावट तुम्हाला मिळत नाही. बँकेत फॉर्म भरायच्या दिवशी हे माहीत हवं, नंतर उपयोग नाही.

## ६. रोस्टर वाचायला शिका

रोस्टर ॲपवर येतं तेव्हा ते कोड्यासारखं दिसतं. फ्लाइट नंबर, रिपोर्टिंगची वेळ, ऑफ, स्टँडबाय, सिम, ग्राउंड क्लास. पहिली सवय ही लावा: वेळा भारतीय प्रमाणवेळेत आहेत की जागतिक प्रमाणवेळेत, ते बघा. साडेपाच तासांची गफलत एकदा तरी प्रत्येकाची होते. माझी झाली तेव्हा मी साडेपाच तास लवकर पोहोचलो होतो. उलटं झालं असतं तर हा लेख लिहायच्या मनःस्थितीत नसतो.

स्टँडबाय दोन प्रकारचा. विमानतळावरचा म्हणजे युनिफॉर्म घालून खोलीत बसायचं. घरचा म्हणजे फोन उचलायचा आणि ठरलेल्या वेळेत पोहोचायचं. घरचा स्टँडबाय सुट्टी नव्हे. बॅग भरलेली, शर्ट इस्त्री केलेला, फोन चार्ज. त्या दिवशी पुण्याला जाऊन येतो म्हणणारा खोपोलीच्या घाटात सापडतो.

रोस्टर बदलतं, आणि खूप बदलतं. त्यामुळे दर बदलाचा स्क्रीनशॉट ठेवा, मूळ रोस्टर आणि प्रत्यक्ष काय झालं ते दोन्ही. महिन्याअखेरीस तास जुळवताना हेच कामी येतात. मला दोनदा कमी तास लावले गेले होते; स्क्रीनशॉटसकट ईमेल केल्यावर पुढच्या पगारात फरक आला. भांडावं लागलं नाही.

बदल स्वीकारण्याआधी तीस सेकंद विश्रांतीचा हिशेब करा. क्रू शेड्यूलिंगवाल्या मुलासमोर पन्नास रिकाम्या जागा असतात, त्याचं सॉफ्टवेअर सहसा चुकत नाही, पण शेवटची जबाबदारी लायसन्सवाल्याची.

## ७. हे नियम पाठच हवेत

ड्युटी आणि विश्रांतीच्या नियमांना एफडीटीएल म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये डीजीसीएने ते बदलले आणि १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू केले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा हे सगळं पेपरात आलं, आणि रात्रीच्या काही अटींतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट मिळाली. नवख्याला रोज लागतात ते एवढे:

आठवड्याची सलग विश्रांती आधी ३६ तास होती, आता ४८, आणि त्यात दोन रात्री यायला हव्यात. एक साप्ताहिक विश्रांती संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत १६८ तासांपेक्षा जास्त जाता कामा नयेत. 'रात्र' आधी १२ ते ५ होती, आता १२ ते ६. रात्रीला स्पर्श करणाऱ्या ड्युटीत लँडिंग जास्तीत जास्त दोन, आधी सहा चालत. दोन ड्युट्यांमध्ये किमान १२ तास विश्रांती, आणि आधीची ड्युटी त्याहून लांब असेल तर तेवढी. सात दिवसांत ३५ तासांहून जास्त आणि वर्षभरात १,००० तासांहून जास्त उडता येत नाही.

शेवटच्या आकड्यावरून एक गोष्ट लक्षात येते: कितीही मेहनत केलीत तरी ओव्हरटाइम करून कर्ज लवकर फेडू, हा विचार इथे चालत नाही.

थकवा असेल तर 'फटीग' म्हणून कळवायची सोय नियमांत आहे आणि कंपन्यांना त्याचे अहवाल डीजीसीएला द्यावे लागतात. नवखे घाबरतात. मीही घाबरलो होतो. सलग दुसऱ्या रात्री, पहाटे साडेचारला, कॅप्टनने विचारलेली फ्रिक्वेन्सी मी तीनदा चुकीची फिरवली. त्यांनी काही न बोलता स्वतः लावली आणि उतरल्यावर एवढंच म्हणाले, "घरी जा, झोप, आणि मग रिपोर्ट भर." भरला. काहीही वाईट झालं नाही.

## ८. झोप, डबा आणि राहण्याची जागा

जागा ठरवताना कंपनीची पिकअपची हद्द विचारा. डोंबिवली-बदलापूरला भाडं निम्मं आहे, पण हद्दीबाहेर असाल तर पहाटे अडीचची टॅक्सी स्वखर्चाने, आणि स्टँडबायच्या वेळेत पोहोचणं अशक्य. मरोळ, विलेपार्ले, पवई महाग पडतात. तिघांत घेतलं तर जमतं. तिघेही पायलट असतील तर एक नियम दाराला चिकटवा: आतल्या खोलीचं दार लावलेलं असेल तर आत माणूस झोपलेला आहे, दुपारचे दोन वाजले असले तरी. नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाल्यापासून पनवेल-उलवे भागाचाही विचार करता येतो, मात्र तुमची ड्युटी कोणत्या विमानतळावरून जास्त लागते ते दोन-तीन महिने बघून मगच सामान हलवा.

जाड काळे पडदे घ्या. गणपतीत आणि लग्नसराईत कानात घालायचे बोळेही. विमानातलं जेवण रोज खाऊ नका. आईच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी चार सेक्टर टिकते, पाघळत नाही, वास मारत नाही. मेतकूट-भाताचा प्रयोग मी कॉकपिटमध्ये एकदाच केला.

## ९. फुंकर आणि मेडिकल: इथे माफी नाही

उड्डाणाआधी श्वासाची चाचणी होते आणि आकडा शून्यच लागतो. बारा तास आधी दारू बंद, हे सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे: माउथवॉश, काही टूथजेल, खोकल्याची औषधं यांनाही मनाई आहे. आमच्याकडे आजी द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट देते, शेजारचे काका होमिओपॅथीचे थेंब. आसवं-अरिष्टं आंबवूनच करतात, त्यात मद्यार्क असतोच. पहिल्यांदा सापडलात तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. आजीला हे समजावून सांगा. नाहीच ऐकलं तर बाटली घ्या आणि कपाटात ठेवा.

मेडिकलमध्ये तात्पुरते अनफिट ठरलात तर उडणं थांबतं आणि बहुतेक ठिकाणी उडण्याचा भत्ताही. हप्ता मात्र थांबत नाही. लायसन्स गमावण्याचा विमा कंपनी देते का, तात्पुरत्या काळासाठीही देते का, किती दिवसांनी सुरू होतो, हे पहिल्याच महिन्यात बघा. तरुणपणी घेतला तर हप्ता कमी बसतो. फुटबॉल खेळताना पायाचं हाड मोडून माझा मित्र चार महिने घरी होता. तो विमा त्याच्याकडे नव्हता, आणि आता त्याच्यामुळे आमच्या पूर्ण बॅचकडे आहे.

दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरची परीक्षाही असते. तिच्या आधीच्या आठवड्यात घरगुती कार्यक्रम घेऊ नका.

## १०. सेनिऑरिटी, सुट्ट्या आणि पुढची पायरी

सेनिऑरिटी नंबर रुजू झाल्याच्या तारखेवरून, काही ठिकाणी रिलीजच्या तारखेवरून ठरतो. बेस, सुट्ट्या, कमांड (कॅप्टनपद), सगळं त्यावर. पहिली तीन वर्षं लक्ष्मीपूजनाला तुम्ही ड्युटीवरच असणार असं धरून चाला. गणपतीची रजा हवी असेल तर नवरात्रीत नाव घालू नका. एक मागितली तर मिळायची शक्यता असते, दोन मागितल्या की दोन्ही जातात. मी पाडव्याची सकाळ वडिलांबरोबर आणि लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ पाटण्याच्या हॉटेलात, अशी वाटणी करून घेतली आहे.

लॉगबुक दर रविवारी भरा. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या वरच्या लायसन्सला, १,५०० तास लागतात; दोनशे तासांवर लागलात आणि वर्षाला सातशे-आठशे उडालात तर दोन वर्षांच्या आत पोहोचता. त्याचे पेपर दुसऱ्या वर्षीच द्यायला लागा, तेव्हा अभ्यासाची सवय अजून मोडलेली नसते. कमांडसाठी प्रत्येक कंपनीची तासांची अट वेगळी असते, आणि ती विमानं किती येतात त्यावर पुढे-मागे होते. माझ्या वरच्या बॅचला लवकर मिळाली, आमची लांबली.

आणि बारा तासांच्या विश्रांतीचा नियम मला खरा उपयोगी पडला तो गेल्या वर्षी. संध्याकाळी उशिराची नागपूरची फेरी, रात्रीचा लेओव्हर, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला रिपोर्टिंग. आठला हॉटेलात पोहोचलो, युनिफॉर्म बदलला आणि रिक्षाने सोमलवाड्याला गेलो. मावशीने झुणका-भाकरी केली होती, वर पुडाची वडी. साडेनऊला निघतो म्हटलं, झोपायचंय. तिने घड्याळाकडे बघितलं, डबा भरून हातात दिला आणि म्हणाली, "एवढंच होतं तर कॅप्टनलाही घेऊन यायचंस."